सेन्याने न विचारलेला प्रश्न

सेन्या कांगासला काही विचारायची लाज वाटते, असं कुणी म्हटलं असतं तर अख्खं गाव पोट धरून हसलं असतं. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, सुपीरिअर सरोवराच्या काठावरचं ते गाव. तिथे इस्पितळ एकच, आणि त्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत सेन्या म्हणजे सब कुछ. डॉक्टर यायचे, एखाददुसरा हिवाळा काढायचे, बायकोने तोंड वाकडं केलं की दक्षिणेला पळ काढायचे. सेन्या आपली तिथेच. पाद्रीबाबा पोट धरून आले तरी बटाट्याचा भाव विचारावा तशी ती विचारायची, "परसाकडे कधी झालं होतं? आणि दारू किती घेता? खरं सांगा हं, मी वर कळवणार नाही." पाद्रीबाबा लालबुंद व्हायचे आणि गुमान खरं सांगायचे.

पण हीच बाई इस्पितळाचा निळा डगला काढून खुंटीला लावला की निराळी व्हायची. तिचे आजोबा फिनलंडहून तांब्याच्या खाणीत राबायला आलेले. खाणी कधीच बंद पडल्या, पण त्या घरांमधला अबोला काही गेला नाही. तिचा नवरा रेनो तर त्यात मेरूमणी. लग्नाची मागणी घालताना तो एवढंच म्हणाला होता, "माझ्याकडे बर्फ उपसायची दोन फावडी आहेत." सेन्याला तेवढं पुरलं. संसार झाला, मुलं मोठी होऊन लांब गेली, आणि त्या घरात मनातलं काही बोलायची वेळ म्हणून कधी आलीच नाही.

त्यांच्याकडे शनिवारी सौना तापायची. घरामागे तळ्याकाठी लाकडाची खोली, आत शेगडीवर तापलेले दगड, त्यावर पळीने पाणी मारलं की कढत वाफ. आधी बायकांची पाळी, मग पुरुषांची. अंगावर सूत नाही. सेन्याच्या आईने दोघी बहिणींना अगदी लहानपणीच बजावलं होतं, "इथे कुणाकडे बघायचं नाही. दिसलंच तर त्यावर बोलायचं नाही." आणि यात वाईट काही नव्हतं बरं का. शेजारणीचं लपवलेलं पोट, म्हातारीचं लोंबलेलं अंग, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हेल्वीची एका बाजूने सपाट झालेली छाती, सगळं त्या बाकावर उघडं बसलं, आणि कुणाच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. हेल्वी ही सेन्याची थोरली बहीण. शेवटच्या हिवाळ्यात ती म्हणाली होती, "या एका ठिकाणी मला आजारी असल्यासारखं वाटत नाही." म्हणजे त्या न बोलण्यात माया होती, आणि ती सेन्याने डोळ्यांनी पाहिली होती.

इस्पितळातली गोष्ट वेगळी. एकदा लाकडाच्या गिरणीतल्या एका कामगाराची बायको आली. "जिन्यावरून पडले," म्हणाली. आवाज घोगरा, गिळताना त्रास, डोळ्याच्या पांढऱ्यात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. अंगावर दुसरा ओरखडा नाही. सेन्याने तिच्या नवऱ्याला कॉफी आणायला पिटाळलं, पडदा ओढला आणि विचारलं, "गळा कुणी दाबला?" बाई रडायला लागली. स्कॅन केला तर मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी आतून फाटलेली. वेळेवर औषध मिळालं, बाई वाचली. तेव्हापासून सेन्याने हा विषयच धरला. पुस्तकं वाचली, मार्क्वेट शहरात जाऊन शिकून आली, आणि दर वर्षी नव्या नर्सना स्वतः वर्ग घेऊन शिकवायला लागली.

"कातडीवर खूण दिसेलच असं समजू नका," ती दरडावून सांगायची. "निम्म्या वेळा काहीच दिसत नाही. आवाज बसलाय? विचारा. मान दुखते? विचारा. धमनीचं अस्तर आज फाटतं आणि गुठळी आठवड्याने मेंदूत जाते. तुम्ही लाजत बसलात तर पेशंट जाईल. आणि काही झालं तरी प्रत्येकीला विचारायचंच, घरी सुरक्षित वाटतं ना?"

अशाच एका वर्गात लिओना नावाच्या नव्या पोरीने हात वर केला. लिओना बोद्री, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. "बाई, पण मारहाण नसेल तर? म्हणजे... बिछान्यात गळा दाबला असेल तर? दोघांच्या मर्जीने?"

वर्गात खसखस पिकली.

"तो आपला विषय नाही," सेन्या म्हणाली.

"कसा नाही? माझ्या बरोबरीच्या कितीतरी पोरी..."

"लिओना, कॉफी गार होतेय तुझी."

बस्स, विषय संपला. सेन्याने नंतर स्वतःला सांगितलं की वेळ झाली होती. वेळबीळ काही झाली नव्हती. तिला लाज वाटली होती, पण ते कबूल करायचं कुणी?

हेल्वी गेली तेव्हा तिची मुलगी ब्रिटा नुकती मास्तरीण झाली होती. बालवाडीच्या पोरांना गाणी शिकवायची, दिवसभर त्यांच्यासारखीच उड्या मारायची. ती सेन्याच्या घरचीच झाली. दर शनिवारी सौनेला यायची, आणि लग्न झाल्यावर नवऱ्यालाही आणायला लागली. गॅरेट ट्रेगियर हा गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवायचा. अंगाने रेड्यासारखा, पण घरात कोळी सापडला तर ग्लासात धरून बाहेर सोडून येणारा. रेनोला तो फार आवडायचा, कारण तोही बोलायचा नाही. दोघं मिळून लाकडं रचायचे आणि त्यालाच गप्पा समजायचे.

ब्रिटाचे केस पाठभर, पिवळेधमक. सौनेतसुद्धा मोकळे सोडायची. "बांध गं त्या झिंज्या," सेन्या दर शनिवारी ओरडायची, आणि ब्रिटा दर शनिवारी जीभ दाखवायची. पण हिवाळा सरत आला होता तेव्हाच्या एका शनिवारी ती आली ती केस डोक्यावर घट्ट बांधूनच. एकदाची अक्कल आली कार्टीला, असं सेन्याला वाटलं.

खिडकीतून बर्फावरचा उजेड आत येत होता. ब्रिटाने मान मागे टाकली आणि सेन्याला दिसलं. जबड्याखाली, दोन्ही बाजूंना, बोटाच्या टोकाएवढे निळसर डाग.

"आवाज का असा बसलाय?" सेन्याने विचारलं.

"पोरांवर ओरडून ओरडून," ब्रिटा घोगऱ्या आवाजात म्हणाली. पाण्याचा घोट घेताना तिने तोंड वाकडं केलं.

गॅरेट? तो कोळी वाचवणारा? बाहेर त्याचा आवाज येत होता, तो रेनोला लाकडं देत होता. इस्पितळ असतं तर एव्हाना सेन्याने बॅटरी घेऊन ब्रिटाच्या डोळ्यांत पाहिलं असतं आणि गॅरेटला कॉफी आणायला पिटाळलं असतं. पण इथे अंगावर डगला नव्हता. हे आईने नियम घालून दिलेलं बाक होतं. हिच्या आईची सपाट छाती याच बाकावर बसली होती आणि आपण नजर फिरवली होती, तर आज हिच्या गळ्याकडे बोट कसं दाखवायचं? सेन्या दगडांकडे बघत राहिली. शेवटी तोंडातून जे निघालं ते हे:

"घरी सगळं ठीक ना गं?"

ब्रिटाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हो मावशी. घरी सगळं छान आहे."

आणि सेन्याला हायसं वाटलं! लाज वाटायला हवी होती, पण वाटलं हायसं. तिने दगडांवर दोन पळ्या पाणी जास्तच मारलं. ब्रिटा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसली. निघताना दाराशी थांबली, काहीतरी विसरल्यासारखी. मग टॉवेल गुंडाळून बाहेर गेली. कॉफी होईपर्यंत सेन्याने स्वतःची समजूत घालून टाकली होती: मफलर घट्ट बांधला असेल, वर्गातलं एखादं पोर गळ्याला लोंबकळलं असेल.

आठवड्याच्या मध्यावर ब्रिटाचा फोन आला. "मावशी, मान दुखतेय गं. एकाच बाजूने. डोकंही ठणकतंय."

"बर्फ उपसलंस ना? फावडं चुकीचं धरतेस तू. तुझी आईही तश्शीच धरायची, कितीदा सांगितलं तिला. गोळी घे आणि शेकून काढ."

"बरं."

"आणखी काही?"

"नाही. काही नाही."

अनोळखी बाईने हेच गाऱ्हाणं सांगितलं असतं तर सेन्याने तिला फरफटत स्कॅनच्या खोलीत नेलं असतं. भाचीला मात्र फावडं कसं धरायचं ते सांगितलं. हे पुढे तिला इतकं टोचलं, की अंगणातलं फावडंही तिला डोळ्यांसमोर नकोसं झालं.

पुढच्या शनिवारी ब्रिटा सौनेत आलीच नाही. "डोकं दुखतंय, वाफ नको," म्हणाली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली. पुरुषांची पाळी आटोपली, सगळे टेबलाशी आले. सेन्याने वेलदोड्याचा गोड पाव कापायला घेतला, ब्रिटापुढे तुकडा सरकवला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. डावी पापणी खाली आली होती, अर्धवट झोपेत असल्यासारखी. उजवी चांगली उघडी.

सेन्याने सुरी खाली ठेवली. ड्रॉवरमधली रेनोची मासेमारीची बॅटरी काढली. "माझ्याकडे बघ." डाव्या डोळ्याची बाहुली बारीक, उजव्याची मोठी. याचा अर्थ काय ते तिने स्वतःच्या तोंडाने दर वर्षी शिकवलं होतं. मानेतली धमनी फाटली आहे, आणि गुठळी कधीही निघू शकते.

"कोट घाल. गॅरेट, गाडी काढ."

"काय झालं मावशी?" गॅरेट अर्धा उठला.

"कॉफी तरी पिऊन..." रेनो म्हणाला.

"रेनो, गप्प बस!"

दिवसभरातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं, बिचाऱ्याचं.

गाडीत सेन्या मागे ब्रिटाचा हात धरून बसली. आता विचार, तिचं मन म्हणत होतं, आता तरी विचार. पुढे गॅरेटचे कान थंडीने लाल झालेले दिसत होते. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. इस्पितळात विचारतीलच, त्यांचं कामच आहे ते, असं म्हणून तिने पुन्हा एकदा अंग काढून घेतलं.

इस्पितळात पाळी लिओनाची होती. स्कॅनची खोली एकच. आत स्नोमोबाइलवरून, म्हणजे बर्फावरच्या फटफटीवरून, आपटलेला एक जण होता, बाहेर त्याचा जखमी दोस्त पाळीसाठी ताटकळत. लिओनाने ब्रिटाला खाटेवर बसवलं, रक्तदाब घेतला, भराभर विचारलं. अपघात? नाही. पडलीस? नाही. मानेला मार? नाही. अर्धशिशी आहे का घरात कुणाला? आईला होती. सेन्याने पापणी आणि बाहुली दाखवली, पण अर्धशिशीतही कधी कधी तसं होतं.

"आणि घरी सुरक्षित वाटतं ना?"

"हो," ब्रिटा म्हणाली. गॅरेट तिच्या उशाशी उभा होता. तिने त्याचा हात धरलेला.

"बरं," लिओना म्हणाली आणि पुढे निघाली.

सेन्याने तो प्रश्न स्वतःच्या कानांनी ऐकला. तोच, तिच्याच शब्दांत, तिच्याच सुरात. अर्धशिशी म्हणून पोरीला रांगेत शेवटी बसवतील आणि वेळ निघून जाईल.

"थांब लिओना," ती म्हणाली. "तो प्रश्न चुकीचा आहे. मीच शिकवलाय तुम्हाला, पण चुकीचा आहे." ती ब्रिटापुढे येऊन उभी राहिली. बटाट्याच्या भावाचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "ब्रिटा, तुझा गळा कुणी दाबला?"

मग गॅरेट खुर्चीत मटकन बसला.

"मी," तो म्हणाला. "म्हणजे, तसं नाही मावशी. आम्ही दोघं... बिछान्यात..."

ब्रिटाचा चेहरा केसांच्या मुळापर्यंत लाल झाला. "त्याने मारलं नाही मला. मीच म्हटलं होतं. त्याला काही बोलू नका."

लिओना हसली नाही, भुवयासुद्धा वर गेल्या नाहीत. "शुद्ध गेली होती का?"

"शेवटच्या वेळी गेली. जरा वेळ."

"कधी?"

"मागच्या शनिवारच्या आदल्या दिवशी."

सेन्याने खाटेची कड धरली. लिओना केव्हाच धावत सुटली होती. डॉक्टर मेर्सिये आल्या, स्नोमोबाइलवाल्याच्या दोस्ताला बाजूला सारलं, खाट स्कॅनच्या खोलीकडे वळली. ब्रिटाने पाण्याचा ग्लास घ्यायला उजवा हात पुढे केला. ग्लास हातातून सुटला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग सेन्याकडे, आणि काहीतरी म्हणाली. ते शब्द नव्हते. नुसते आवाज होते, लहान मूल बोलायला शिकताना काढतं तसले, आणि तिचे डोळे भीतीने विस्फारले होते, कारण आपण काय बोलतोय ते तिला स्वतःला ऐकू येत होतं.

औषध लगेच दिलं. मार्क्वेटच्या मोठ्या इस्पितळात न्यायला अँब्युलन्स तयार होत होती, तेवढ्यात डॉक्टर मेर्सिये कॉरिडॉरमध्ये गॅरेटजवळ येऊन बसल्या. तरुण बाई, बोलणं सरळ.

"आम्ही काळजी घ्यायचो," गॅरेट रडत म्हणाला. "तिने हातावर थापटलं की मी सोडायचो. लगेच. इंटरनेटवर सगळे हेच सांगतात."

"थापटायला शुद्ध लागते, गॅरेट."

त्याने तोंड झाकून घेतलं.

"मी तुला झोडपायला आले नाहीये," त्या म्हणाल्या. "हल्ली कॉलेजातल्या पोरींना विचारलं तर निम्म्या म्हणतात, आमच्याबरोबर कुणी ना कुणी हे केलंय. इतकं साधं झालंय ते. आणि कोल्ड्रिंकचा डबा उघडायला लागतो त्याहून कमी जोर या धमनीला पुरतो. बहुतेकांना काही होत नाही, किंवा झालेलं कळत नाही. म्हणून सगळ्यांना वाटतं, नीट केलं तर चालतं. नीट करायची पद्धत नाहीये. ज्यांचा हात हलका, त्यांच्याही बायका माझ्यापुढे येतात."

"मला कधीच आवडलं नव्हतं ते," गॅरेट म्हणाला. "मला वाटायचं, नाही म्हटलं तर तिला मी शेळपट वाटेन. तिला हवं होतं ना?"

"ते तिला विचार," डॉक्टर म्हणाल्या. "बोलायला लागली की."

मग त्या सेन्याकडे वळल्या. "आठवडाभर आधी कळलं असतं तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं. पण कळणार कसं म्हणा? या पोरी गळा झाकून फिरतात. तुम्ही होता म्हणून निदान आज तरी आली. नशीबवान आहे तुमची भाची."

सेन्याने मान हलवली. मी पाहिलं होतं, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. ते तिने गिळले आणि गॅरेटच्या पाठीवर हात ठेवला. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही नसता तर..." तेव्हा तर तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ब्रिटा वाचली. महिनाभर मार्क्वेटला होती. हात हळूहळू परत आला, चमचा धरण्यापुरता, मग बटण लावण्यापुरता. बोलणं मात्र अडखळतच राहिलं. एकेक शब्द शोधून आणावा लागायचा आणि कधी कधी भलताच हाती लागायचा. खुर्चीला खिडकी म्हणायची आणि स्वतःवरच चिडायची. बालवाडीत पुन्हा गेली, पण मदतनीस म्हणून. पोरं शहाणी, ती शब्द शोधत असली की टक लावून वाट बघायची. गाणं तिने सोडलं.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. चर्चच्या कॉफीला नाकं मुरडली गेली. कुणी गॅरेटला राक्षस म्हटलं, कुणी ब्रिटाला नको ते म्हटलं, आणि दोन्ही म्हणणाऱ्यांची पोरं कॉलेजात होती. सेन्याच्या कानावर आलं तेव्हा ती कडाडली, "तुमच्या पोरांना फोन करून विचारा आधी!" मग बायका कपात बघत बसल्या.

त्या वर्षीच्या वर्गात सेन्या उभी राहिली आणि म्हणाली, "आजचा विषय लिओना शिकवेल." आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसली. लिओनाने मर्जीने, बिनमर्जीने, प्रेमाने, दारूच्या नशेत, सगळं सगळं बोलून दाखवलं. कुणी खिदळलं नाही. "घर सुरक्षित आहे का एवढं विचारून थांबू नका," ती म्हणाली. "गळ्याचं विचारा. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने दाबला का, असं विचारा."

घरी रेनो एकदाच काय ते बोलला. "आपल्या वेळी हे असलं नव्हतं."

"आपल्या वेळी काय होतं आणि काय नव्हतं, ते आपण कधी बोललो होतो का?" सेन्या म्हणाली.

रेनोने हातमोजे चढवले. मग तो लाकडं रचायला गेला.

सेन्या मात्र आतून पोखरली जात होती. दर शनिवारी ती ठरवायची, आज सांगायचं. दर शनिवारी सौना तापायची, ब्रिटा येऊन बसायची, केस पूर्वीसारखे मोकळे, आणि सेन्या दगडांकडे बघायची. लोक तिला भेटून म्हणायचे, "तुझ्यामुळे वाचली गं पोर." ते ऐकलं की तिला जेवण जायचं नाही. गॅरेटने तर गावात तोंडच दाखवायचं सोडलं होतं, फक्त इथे यायचा, आणि तिच्याकडे असं बघायचा की जणू तिने त्याला पदरात घेतलंय. गुन्हा तिचा आणि त्याचा, दोघांचा, आणि मार खात होता तो एकटा.

मेपलची पानं लाल व्हायला लागली होती तेव्हाचा एक शनिवार. दोघीच आत. सेन्याने पळी उचलली आणि तशीच हातात धरून बसली.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "त्या शनिवारी. तुझ्या गळ्यावरचे डाग. मला दिसले होते, ते कशाचे असतात ते कळत होतं, आणि मी गप्प बसले. वर तुला फावड्याचं शिकवलं. मी विचारलं असतं तर तू आज गात असतीस, ब्रिटा."

ब्रिटा शब्द शोधत असेल म्हणून सेन्या थांबली.

"माहीत... आहे," ब्रिटा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू पाहिलंस ते." तिने मोकळे केस हातात धरले, वर उचलले, डोक्यावर दाबून धरले. गळा उघडा पडला. "का... बांधले होते... वाटतं तुला?"

सेन्याच्या हातातली पळी बाकावर पडली.

"घाबरले होते," ब्रिटा एकेक शब्द आणत म्हणाली. "शुद्ध गेली ना. सांगता... येईना. कुणाला. म्हटलं, मावशीला... दिसेल. मावशी सगळ्यांना... विचारते." ती थांबली, पुन्हा शोधायला लागली. "तू... घराचं विचारलंस. घर... ठीकच होतं."

सेन्या रडायला लागली. त्या बाकावर तिच्या आईसमोर, बहिणीसमोर कधी रडली नव्हती, ती आता तोंड न झाकता हमसून हमसून रडली. ब्रिटाने पळी उचलली, उजव्या हातानेच, पाण्यात बुडवली आणि दगडांवर मारली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं.

"आता सांग," सेन्या डोळे पुसत म्हणाली. "तुला ते हवं होतं का नव्हतं, त्या दिवशी काय झालं, कशाची भीती वाटली, सगळं सांग. मी विचारतेय. घराचं नाही, तुझं विचारतेय."

ब्रिटाने तोंड उघडलं. ओठ हलले, कपाळाला आठी पडली, ती वाफेत कुठेतरी बघत राहिली. सेन्या वाट बघत होती, बालवाडीतली पोरं बघतात तशी. बऱ्याच वेळाने ब्रिटाने मान हलवली. रागाने नाही, थकून.

"आता विचारतेस, मावशी," ती म्हणाली, "आणि आता मला... शब्दच... सापडत नाहीत."

बाहेर रेनो आणि गॅरेट आपली पाळी यायची वाट बघत लाकडं रचत होते.